गणपतीत सगळ्यांनी विचारलं, ‘चेडू शाणा झाला मां?’

पत्र थोडक्यात असं आहे. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आईने लिहिलंय. मुलगी नववीत, वय १४ वर्षं ७ महिने, अजून पाळी आलेली नाही. वर्गातल्या बहुतेक मैत्रिणींना आली. गणपतीला मुंबईहून आलेल्या जावेच्या मुलीला तर बाराव्या वर्षीच आली आणि त्यावरूनच घरात विषय निघाला. चुलत सासूने चारचौघांत मालवणीत विचारलं, ‘चेडू शाणा झाला मां?’ म्हणजे मुलगी वयात आली ना? जाऊ म्हणते, पीसीओडी (बीजकोशांचा म्हणजे ओव्हरीजचा, हार्मोन्सचा विकार) असणार, मेडिकलमधून पाळी आणायच्या गोळ्या आण. सासूबाई म्हणतात, देवाला कौल लावू, आणि आधी तिचं धावणं बंद कर, धावून धावूनच अंग सुकलंय. मुलगी शाळेकडून आठशे मीटर धावते, यंदा तालुक्यात पहिली आली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. छातीची वाढ सहावीच्या मे महिन्यात सुरू झाली. आईला स्वतःला पाळी आली ती दहावीची परीक्षा झाल्यावर, पंधरा पूर्ण झाल्यानंतर. नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही. मुलीशीही ती बोललेली नाही, ‘उगाच घाबरेल’ म्हणून. आई विचारते: हिच्यात काही दोष आहे का? पुढे मूल व्हायला अडचण येईल का? धावणं बंद करू का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात जावेचं म्हणणं आहे, सासूबाईंचं आहे, चुलत सासूचं तर शब्दशः आहे. मुलगी काय म्हणते ते मात्र एका ओळीतही नाही. त्याकडे मी येणार आहे, पण आधी तुमची झोप ज्या प्रश्नाने उडाली आहे त्याचं उत्तर देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलीत दोष आहे असं म्हणायला आज काहीही आधार नाही. तिला उशीर झालाय असंसुद्धा डॉक्टर अजून म्हणणार नाहीत.

आपल्याकडे पहिली पाळी सर्वसाधारणपणे तेराव्या वर्षाच्या आसपास येते. याचा अर्थ कुणाला ती दहा-अकराव्या वर्षी येते, कुणाला पंधराव्या, आणि दोन्ही ठीकच असतं. नववीच्या कुठल्याही वर्गात ‘अजून नाही’ म्हणणाऱ्या दोन-तीन मुली असतातच. त्या बोलत नाहीत इतकंच. काही जणी तर मैत्रिणींत वेगळं पडायला नको म्हणून आली असं खोटंच सांगतात. त्यामुळे ‘सगळ्यांना आली’ ही बातमी थोडी हातचं राखूनच ऐकावी.

डॉक्टर तपासणी कधी सुरू करतात त्याचे तीन साधे ठोकताळे आहेत. वय १५ पूर्ण झालं तरी पाळी नाही, हा एक. छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटली तरी पाळी नाही, हा दुसरा. आणि १३ पूर्ण झाले तरी छातीची वाढ सुरूच झालेली नाही, हा तिसरा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमकं त्याकडेच कुणी बघत नाही, कारण आपलं सगळं लक्ष रक्त दिसतंय का याकडे. तुमच्या मुलीची वाढ सहावीच्या मे महिन्यात सुरू झाली, म्हणजे सव्वाबारा वर्षांची असताना. त्याला आता दोन वर्षं आणि वर थोडे महिने झाले. छातीची वाढ सुरू झाल्यापासून पाळी यायला साधारण दोन ते अडीच वर्षं लागतात. ती अगदी वेळेच्या आत आहे.

म्हणून तारखेपेक्षा क्रम बघा असं मी म्हणेन. आधी छाती भरायला लागते, मग काखेत आणि खाली केस येतात, मधल्या काळात उंची भराभर वाढते, युनिफॉर्मचा स्कर्ट वर चढतो. उंचीचा तो झपाटा ओसरायला लागला की मग पाळी येते. पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर चड्डीवर पांढरट, चिकट ओलावा दिसू लागतो. आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हटलं की लगेच आजार, अशक्तपणा असं डोक्यात येतं. या वयात, खाज नाही, घाण वास नाही, तर ते पांढरं जाणं म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण आहे. तुमच्या मुलीला ते दिसतंय का? मला वाटतं तुम्हाला ठाऊक नाही. मुलीला मात्र नक्की ठाऊक असणार, आणि कदाचित तीही त्याला घाबरत असेल.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ तुम्हाला परत दाखवते. तुम्हाला स्वतःला पंधरा पूर्ण झाल्यावर पाळी आली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. उशिरा वयात येणं घराण्यात चालत येतं, आईकडून तसंच बापाकडूनही. यजमानांना विचारा, त्यांची उंची कधी वाढली, मिसरूड कधी फुटली. दहावीत वर्गात सगळ्यात बुटके होतो आणि नंतर एकदम वाढलो असं ते म्हणाले, तर तो धागाही डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. तुमच्या आईला आणि बहिणींनाही विचारा. जुन्या बायकांना तारीख आठवत नाही, पण न्हाण आलं तेव्हा मखरात बसवलं की नाही, कुणी साडी आणली, हे बरोबर आठवतं. वय त्यावरून काढता येतं.

एवढं सांगूनही एका गोष्टीने मला थांबवलं: १५२ सेंटिमीटर उंचीला ३६ किलो वजन. हे कमीच आहे. सासूबाईंच्या बोलण्यातला ‘अंग सुकलंय’ एवढा भाग मी गांभीर्याने घेईन. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र घेणार नाही.

पाळीचा हुकूम गर्भाशयातून सुटत नाही, मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग ठरावीक अंतराने इशारे देतो, त्यावर पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी हलते, तिच्यामुळे बीजकोश इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करतात, त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढतं. शरीरात चरबी किती आहे, रोज किती खाल्लं जातंय आणि किती खर्च होतंय, याचा हिशेब मेंदूला सतत कळत असतो. हातात पैसा कमी असला की आपण घराचा रंग पुढच्या वर्षावर ढकलतो, चूल बंद करत नाही. मेंदूही तेच करतो: हृदय, फुप्फुसं, धावणारे पाय आधी, पाळी नंतर. म्हणजे अडचण धावण्याची नाही. धावण्याच्या मानाने पोटात कमी पडतंय, ही आहे. खेळणाऱ्या मुलींमध्ये हे जगभर दिसतं, कबड्डी खेळणाऱ्यांत, पोहणाऱ्यांत, नाचणाऱ्यांतही.

आणि ती नववीत आहे म्हणून मला एक शंका येते. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत असतो. गेल्या वर्षीपर्यंत दुपारी शाळेत गरम खिचडी, आमटी-भात मिळत होता, जूनपासून तो बंद झाला. नेमकं त्याच वर्षी तिचं धावणं वाढलं. डबा नेते का? नेला तर संपवते का, की सरावाला उशीर होतो म्हणून तसाच परत आणते? सकाळी पहाटे मैदानावर जाते ती काय खाऊन? चहा आणि बेकरीचे दोन बटर, असं उत्तर असेल तर मला नवल वाटणार नाही. त्यात आपल्याकडचा पावसाळा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. घरी सुकट, सुका बांगडा असतो खरा, पण तो तोंडी लावण्यापुरता. धावणाऱ्या मुलीच्या ताटात तीन महिने अंडं-मासे नाहीत आणि डाळही पातळ, असं झालं असेल तर वजन सांगणारच.

त्यासाठी बाजारातले प्रोटीनचे डबे आणू नका. सरावाला जायच्या आधी एक केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू. सराव झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खरं खाणं: उकड्या तांदळाची पेज असेल तर जाड, वर तूप, सोबत उकडलेलं अंडं. दुपारी डबा दोन खणांचा, भाकरी-भाजीबरोबर उसळ किंवा कुळथाची पिठी. पेडवे, बांगडे स्वस्त असतात तेव्हा सढळ हाताने वाढा. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, ओलं खोबरं हे सगळं घरचंच आहे. उपास मात्र या वयात तिच्या गळ्यात घालू नका, धरायचाच म्हणाली तरी पोटभर खाऊन. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती खाते का, की बाकाखाली टाकते, हेही एकदा विचारा. आठवड्यातून एक दिवस सराव नाही, हे क्रीडाशिक्षकांशी बोलून ठरवा. त्यासाठी पाळीचा विषय काढायची गरज नाही. वजन कमी आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, एवढं पुरे.

धावणं बंद करू का, याचं उत्तर यातच आलं. बंद करू नका. तालुक्यात पहिली आलेल्या मुलीला ‘तुझ्या पाळीसाठी धावणं सोड’ असं सांगितलं, तर तिच्या आवडत्या गोष्टीची शिक्षा तिच्या शरीराच्या नावाने होईल. पण खाणं न वाढवता तसंच चालू ठेवायचं, हेही चालणार नाही. पाळी लांबणं हा त्यातला छोटा भाग. इस्ट्रोजेन कमी पडलं तर याच वयात भरायची हाडं भरत नाहीत आणि धावणाऱ्यांच्या नडगीत, पावलात बारीक चिरा पडतात. नडगी दुखते म्हणाली तर तेल चोळून सोडून देऊ नका.

जावेच्या गोळ्यांबद्दल. (आपल्याकडे गणपती आले की त्याच मेडिकलमधून बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नेतात, आणि त्याच घरात आता पाळी आणायच्या गोळ्यांचा आग्रह. देवाच्या चार दिवसांसाठी बायकांनी आपल्या अंगाचं वेळापत्रक किती वाकवायचं, यावर कधीतरी वेगळं लिहायचंय.) या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असतं. काही दिवस घेऊन थांबवलं की अस्तर सुटून रक्त जातं, पण आधी इस्ट्रोजेनने अस्तर तयार झालेलं असेल तरच, आणि बाहेर यायला वाट मोकळी असेल तरच. काहीच झालं नाही तर तुम्ही जास्त घाबराल. रक्त आलं तर सगळे निर्धास्त होतील आणि मूळ कारण तसंच राहील. आणि वाट बंद असेल तर मुलीला नुसत्या वेदना. डॉक्टर हे औषध देतात ते तपासल्यावर, एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी. काउंटरवरून आणून द्यायची ही वस्तू नव्हे. तीळ, पपई, हळीव खाल्ल्याने पहिली पाळी येत नाही, पण खायला हरकत नाही. हळिवाचा लाडू तर द्याच, वजनासाठी.

पीसीओडीचं निदान जावेने केलंय, तिला करू दे. पाळीच सुरू न झालेल्या, इतक्या बारीक मुलीला, चेहऱ्यावर राठ केस नाहीत, काही नाही, ते लेबल लावण्यात अर्थ नाही. या वयात सोनोग्राफीत बीजकोशात बारीक बारीक गाठींसारखं दिसतं ते बऱ्याच निरोगी मुलींतही दिसतं. तेवढ्यावरून कुणी पीसीओडी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

कौलाबाबत मी सासूबाईंशी भांडायला सांगणार नाही. त्यांची काळजी त्यांच्या मार्गाने जाते. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. कौल उजवा झाला म्हणून डॉक्टर रद्द करायचा नाही आणि डावा झाला म्हणून मुलीला दोषी ठरवायचं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. गाऱ्हाणं मोठ्याने घातलं जातं. देवळात गुरव, मानकरी, शेजारची मुलं, कदाचित तिच्याच वर्गातला कुणी, सगळ्यांच्या कानावर तिच्या अंगातली गोष्ट जाणार. नारळ ठेवायचा असेल तर सासूबाईंनी मनात बोलून ठेवावा, मुलीला समोर उभी करू नये.

आता मुलीकडे येते. तुम्ही म्हणता तिला सांगितलं तर घाबरेल. ताई, चुलत सासूने सगळ्यांदेखत विचारलं तेव्हा ती कुठे होती? ताटं मांडत असेल किंवा दाराआड. तिने ऐकलंय. आई गप्प आहे याचा तिने काय अर्थ लावला असेल? मोठी माणसं कुजबुजतात ते काहीतरी भयंकर असणार, असाच. शाळांतून मुलींशी बोलताना मला चिठ्ठ्या येतात, त्यात ‘मला आली नाही तर मी मुलगी नाही का’ असं विचारणाऱ्याही असतात. तेव्हा एखाद्या संध्याकाळी दोघीच पुळणीवर चालायला जा, किंवा सुकट निवडत बसा. समोरासमोर बसून बोललं की मुली अवघडतात. आणि सुरुवात स्वतःपासून करा: ‘मलाही उशिराच आली होती, दहावीनंतर. तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुला काही विचारायचंय का?’ मग थांबा. पांढरं जातं का, पोटात दर महिन्याला दुखतं का, मैत्रिणी काही बोलतात का, हे सगळं एकाच दिवशी विचारायची गरज नाही. दप्तरात एक पॅड आणि जादा चड्डी कागदात गुंडाळून ठेवायला द्या, कसं लावायचं ते दाखवा. स्पर्धेला बाहेरगावी गेल्यावर पहिल्यांदा आली तर तिची धांदल उडणार नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर तिच्यासमोर तुम्हीच उत्तर द्या, ‘ते आमचं आम्ही बघतो, काकी.’ हे तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. पण तिने ऐकायला हवं ते हेच वाक्य आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं? पाळीसाठी फेब्रुवारीपर्यंत, तिला पंधरा पूर्ण होईपर्यंत थांबता येईल. वजनासाठी थांबू नका, दिवाळीच्या सुट्टीत जाऊन या. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे का ते आशाताईंना विचारा. तिथे १० ते १९ वयाच्या मुलांसाठीच समुपदेशक असतात. नाहीतर कणकवली, सावंतवाडी, ओरोस आहेच, आणि वेंगुर्ला-सावंतवाडीकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातातच. आतापासून दर दोन-तीन महिन्यांनी तिची उंची दाराच्या चौकटीला खूण करून मोजा, वजन लिहून ठेवा, शाळेतल्या आरोग्य तपासणीची जुनी नोंद मिळाली तर तीही न्या. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन वर्षांची वाढ डॉक्टरांना जास्त सांगते.

तिथे काय होईल ते मुलीला आधी सांगून ठेवा. उंची, वजन, प्रश्न. लागलं तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) आणि बीजकोशांच्या हार्मोन्ससाठी रक्त, हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे, आणि पोटावरून सोनोग्राफी, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखावी लागते. आतून तपासणी या वयात सहसा लागत नाही. बाहेरून बघायचं असलं तरी मुलीची तयारी असायला हवी, महिला डॉक्टर मागायचा हक्क तिला आहे. डॉक्टर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील, लघवीची गर्भतपासणीही करतील. त्यात अपमान वाटून घेऊ नका. पहिल्या पाळीच्या आधीही गर्भ राहू शकतो, म्हणून ती चाचणी नेमाने करतात.

मूल होईल ना, हा तुमचा प्रश्न मी टाळत नाही. पंधरा उलटूनही पाळी आली नाही तरी अनेकदा कारण घराण्यातली सावकाश वाढ, खाणं, थायरॉइड असं हाताळता येणारं निघतं. कधी योनिमुखावरचा पडदा पूर्ण बंद असतो, रक्त आत साठतं, छोट्या शस्त्रक्रियेने ते सुटतं. साधारण ५,००० मुलींत एखादीचं गर्भाशय जन्मतःच घडलेलं नसतं. तिची छाती, उंची सगळं नीट वाढतं, म्हणून लक्षात येत नाही. अशा मुलीलाही पुढचं आयुष्य असतं, संसार असतो, आणि हे तिला दहावीत कळणं आणि लग्नानंतर सासरी कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंधरानंतर थांबू नका म्हणते ते याचसाठी. आज, साडेचौदाव्या वर्षी, ती भीती अंगावर घेऊ नका. आणि लग्नाचं वय कायद्याने १८ आहे. मुलगी नववीत आहे, तिचा पुढचा विषय जिल्हा स्पर्धा आणि मग दहावी.

यजमानांना सांगाच. डॉक्टरांकडे जायला गाडी, पैसे, सुट्टी लागेल हा भाग आहेच, पण सासूबाईंना ‘धावणं चालू राहील’ हे सांगायला तुम्हाला एकटीला उभं राहावं लागू नये.

हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी: तुमच्या मुलीला तेरा पूर्ण झाले आणि छातीची वाढ दिसत नाही, तर ‘पंधरापर्यंत थांबा’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही, आत्ताच जा. वर्गात ती सगळ्यात बुटकी असेल आणि उंची वाढतच नसेल, तर त्याहून लवकर. टर्नर सिंड्रोम नावाची, गुणसूत्रांतल्या फरकामुळे होणारी स्थिती असते, तिच्यात उंचीसाठीच्या उपचारांची वेळ लहानपणीच असते. पाळी नाही पण दर महिन्याला त्याच सुमारास ओटीपोटात कळा येतात, पाळी नाही आणि डोकं दुखतं, नजर धूसर होते, किंवा स्तनांतून दूध येतं, आवाज जाड होऊन चेहऱ्यावर राठ केस येतात, वजन झपाट्याने उतरतं, मुलगी ताट टाळायला लागते, यातलं काहीही असेल तर वय किती ते बघत बसू नका. आणि पाळी आल्यावर पहिली दोन वर्षं ती दर महिन्याला ठरल्या दिवशी येईलच असं नाही. दीड महिन्याने आली म्हणून पुन्हा मला पत्र लिहायची गरज नाही. तीन महिने उलटले, किंवा आठवड्याहून जास्त दिवस अंगावरून जात राहिलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.